चिल्टर्न्सच्या वाटांवर पुन्हा पुन्हा पंक्चर होतंय? आधी भोक नीट बघा

सप्टेंबर उजाडला की इंग्लंडमधल्या चिल्टर्न्स टेकड्यांमध्ये सायकल चालवणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. पंक्चर झालं, ट्यूब बदलली, दोन मैल गेलो आणि परत तेच चाक बसलं. घरी येऊन पॅच लावला, सकाळी बघतो तर टायर पुन्हा जमिनीला टेकलेला. मग कुणी ट्यूबला दोष देतं, कुणी महागडा टायर मागवतं, कुणी नशिबावर सोडून देतं. माझ्या मते असं लागोपाठ पंक्चर होतं तेव्हा दुसरं पंक्चर बहुतेक वेळा नवं नसतंच. पहिल्याचं कारण टायरमध्ये, रिममध्ये किंवा हवेच्या दाबात तसंच राहिलेलं असतं आणि आपण फक्त ट्यूब बदललेली असते. म्हणून नवी ट्यूब घालायच्या आधी जुन्या ट्यूबचं भोक कसं आहे आणि नेमकं कुठे आहे, हे बघायला पाच मिनिटं द्या.

रेडिंग, स्लाऊ, हाय विकम, एल्सबरी या भागांत राहणाऱ्या मराठी मंडळींना हे डोंगर घराजवळचे. डोंगर म्हणायचे इतकंच, सगळ्यात उंच जागा जेमतेम २६७ मीटर. गोरिंगपाशी थेम्स सोडली की ईशान्येकडे टेकड्यांची लांब ओळ लागते. बीच नावाच्या झाडांची जंगलं, मेंढ्यांची कुरणं, दोन्ही बाजूंनी झुडपांची कुंपणं असलेले अरुंद डांबरी रस्ते आणि त्यांना जोडणारे ब्रायडलवे. ब्रायडलवे म्हणजे पायी चालणाऱ्यांची आणि घोडेस्वारांची सार्वजनिक वाट. १९६८च्या कंट्रीसाइड कायद्याने तिथे सायकलींनाही परवानगी दिली, मात्र चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची या अटीवर. खांबावर निळा बाण असेल तर तुमची वाट, पिवळा असेल तर ती फक्त चालणाऱ्यांची.

पंक्चरच्या दृष्टीने या प्रदेशाच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत.

पहिली गोष्ट जमीन. खाली सगळा खडूचा दगड आहे आणि त्यात फ्लिंट, म्हणजे आपला चकमकीचा दगड, गाठीगाठींनी भरलेला आहे. खडू मऊ, पावसाने झिजून जातो. फ्लिंट शिल्लक राहतो आणि वर येतो. त्याचा कठीणपणा मोहस मापावर ७च्या आसपास, म्हणजे साध्या पोलादी चाकूपेक्षा जास्त. शिवाय तो काचेसारखा फुटतो आणि फुटला की कडेला पातं तयार होतं. अश्मयुगातल्या माणसांनी याच दगडाची हत्यारं केली आणि इथल्या गावांतली जुनी घरं विटा आणि फ्लिंटचीच आहेत. नांगराच्या फाळाखाली, ट्रॅक्टरच्या चाकाखाली, घोड्याच्या नालेखाली तो रोज नव्याने फुटत असतो.

दुसरी गोष्ट कुंपणं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात शेतजमिनी बंदिस्त केल्या तेव्हा मैलोन् मैल हॉथॉर्न लावला गेला. जोडीला ब्लॅकथॉर्न. दोन्ही काटेरी झुडपं. पक्ष्यांच्या विणीच्या काळात, म्हणजे १ मार्च ते ३१ ऑगस्ट, शेतकऱ्यांना काही अपवाद सोडले तर ही कुंपणं छाटायला मनाई असते. ती मुदत संपली की ट्रॅक्टरच्या हाताला लावलेलं फिरतं कापणीयंत्र कुंपणावरून फिरतं आणि काटे असलेल्या फांद्यांचा चुरा रस्त्यावर पडतो. सप्टेंबरची तक्रार येते ती इथून. छाटणी फेब्रुवारीअखेरपर्यंत चालते, त्यामुळे हा सगळा हिवाळा काट्यांचाच असतो.

चाक काढताना पाळायची एक शिस्त

टायर बसवताना टायरवरचं नाव नेहमी अगदी व्हॉल्व्हपाशी येईल असं बसवा. दुकानदार हे दिसायला बरं म्हणून करतात असं अनेकांना वाटतं. खरा उपयोग पंक्चरच्या वेळी होतो. ट्यूबमध्ये व्हॉल्व्हपासून उजवीकडे वीतभर अंतरावर भोक सापडलं, तर टायरमध्येही नावापासून तेवढ्याच अंतरावर शोधायचं. फक्त ट्यूब काढताना तिची डावी-उजवी बाजू उलटी होऊ देऊ नका. व्हॉल्व्ह टायरपाशी धरून ठेवला आणि ट्यूब टायरवरच पसरली की सगळं जुळतं.

ट्यूबमध्ये भरपूर हवा भरा, दुप्पट फुगू दे. भोक ओठांना किंवा डोळ्याच्या पापणीला लगेच जाणवतं, बोटाला जाणवत नाही. वाटेत पाण्याचा टब मिळणार नाही, पण कुरणात जनावरांचं पाण्याचं टाकं किंवा एखादं डबकं असतंच. आणि भोक सापडलं की थांबू नका, अख्खी ट्यूब फिरवून बघा. काट्यांच्या चुऱ्यावरून गेल्यावर एका चाकात दोन-तीन भोकं सहज असतात. एकच पॅच लावून निघालेला माणूस मग म्हणतो, पॅच टिकला नाही.

खूण करायला पेन नसेल तर वाटेवरचा खडूचा तुकडा उचला. कोरड्या काळ्या ट्यूबवर पांढरी फुली छान उमटते.

टायरच्या बाजूला टाचणीएवढं एकच भोक

हा काटा, आणि चिल्टर्न्समधल्या वारंवार पंक्चरचं हे सगळ्यात मोठं कारण. महाराष्ट्रात सायकल चालवलेल्यांना बाभळीचा काटा माहीत असतो. तो लांब, पांढरट, टायरमधून बाहेर डोकावतो. दोन बोटांत धरून ओढला की काम झालं. हॉथॉर्नचा काटा तसा नाही. आखूड आणि गडद रंगाचा. टायरच्या रबरात शिरला की बाहेरचा भाग रस्त्यावर घासून जातो आणि आतलं टोक तेवढं उरतं. बाहेरून बघितलं तर काही दिसत नाही, आतून हात फिरवला तरी लागत नाही, कारण टायर मोकळा असताना ते टोक रबराच्या आत बसलेलं असतं. हवा भरली, वजन पडलं, टायर दबला की टोक वर येतं आणि नव्या ट्यूबला टोचतं.

म्हणून नुसता हात फिरवून भागत नाही. ट्यूबवरच्या भोकावरून टायरची जागा ठरवा, तिथे टायर आतून बाहेर उलटा वाकवा. वाकवला की टोक उघडं पडतं. ते काढायला नखं पुरत नाहीत. बारीक चिमटा किंवा टोकदार पक्कड लागते. तीही नसेल तर आतून टायर लिव्हरच्या कोपऱ्याने किंवा षटकोनी पान्याने ते बाहेरच्या बाजूला ढकला. मग बाकीच्या टायरमधून कापडाचा बोळा फिरवा. कापडाचे धागे जिथे अडकतात तिथे काटा आहे. उघड्या बोटांनी हे करू नका. ब्लॅकथॉर्नचं टोक बोटात मोडलं की जागा सुजते, कधी चिघळते, आणि सांध्याजवळ शिरलं तर डॉक्टरकडे जावं लागतं.

यातलाच एक प्रकार म्हणजे रात्रीतून बसणारं चाक. काटा अजून ट्यूबमध्येच रुतलेला असतो आणि स्वतःच भोक बुजवून ठेवतो. चालवताना थोडी थोडी हवा जाते, सकाळपर्यंत सगळी. अशा वेळी रोज पंप मारून दिवस ढकलू नका, चाक उघडा. त्याआधी एक छोटी तपासणी मात्र करा: व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावा. बुडबुडा आला तर व्हॉल्व्हचा आतला भाग सैल आहे, तो आवळला की झालं.

मागचं चाक जास्त वेळा पंक्चर होतं यातही नवल नाही. वजन मागे असतं, आणि आडवा पडलेला काटा पुढच्या चाकाने उडून उभा राहतो.

शेजारी शेजारी दोन चिरा

सापाच्या दातांच्या खुणांसारख्या दोन समांतर चिरा दिसल्या तर टायरमध्ये काटा शोधत बसू नका, तो सापडणार नाही. इथे ट्यूब दगड आणि रिम यांच्या मध्ये चिमटली गेली आहे. कारण हवा कमी.

आणि हवा कमी असण्याचं कारण बहुतेकदा आपणच ठरवलेला दाब असतो. इथली फेरी मिश्र असते. अर्धा वेळ डांबरी गल्ल्या, अर्धा वेळ मुळं आणि फ्लिंट. डांबरावर कडक टायर हलका पळतो, ब्रायडलवेवर तोच उड्या मारतो आणि ओल्या खडूवर घसरतो. म्हणून लोक हवा काढतात आणि बीचच्या पानांखाली लपलेल्या दगडावर जोरात आदळले की चिमटा बसतो. माझा सल्ला असा: ट्यूब वापरत असाल तर दाब वाटेतल्या सगळ्यात खराब उताराच्या हिशोबाने ठरवा आणि डांबरावर थोडं जड चाललं तर चालू द्या. ७०-७५ किलोच्या माणसाला २.२५ इंची टायरमध्ये पुढे २८ आणि मागे ३२ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक, पंपावर लिहिलेलं असतं) ही सुरुवात ठीक आहे. पाठीवर भरलेली सॅक असेल तर मागे दोन-तीन वाढवा. मग दर फेरीला एक-एक पीएसआय कमी-जास्त करत स्वतःचा आकडा शोधा आणि लिहून ठेवा. अंगठ्याने दाबून हा फरक कळत नाही. उभ्या पंपावरचा काटाही खालच्या आकड्यांत फारसा भरवशाचा नसतो, कारण तो १५० पीएसआयपर्यंत दाखवायला बनवलेला असतो. कमी दाबाचा वेगळा गेज घ्या, पैसे वसूल होतात.

थंडीचा हिशोबही धरा. २० अंशांच्या उबदार घरात ३० पीएसआय भरून शून्य अंशाच्या सकाळी बाहेर पडलात तर टायरमध्ये साधारण २७ उरतात. तीन पीएसआय कुठेही गळलेले नसतात, हवा आकसलेली असते. पण दगडावर आदळताना ते तीनच कमी पडतात. डिसेंबर-जानेवारीत हवा बाहेर अंगणात भरा.

रिमच्या बाजूला भोक, किंवा व्हॉल्व्हच्या मुळाशी चीर

भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, चाकाच्या मध्याकडे असेल तर दोष रस्त्याचा नाही. रिमवरची पट्टी सरकून तारेचं (स्पोकचं) भोक उघडं पडलं आहे किंवा कुठेतरी धातूची धार आहे. पट्टी बदला, धार बारीक पॉलिश पेपरने घासा. व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटत असेल तर व्हॉल्व्हची चकती पान्याने आवळलेली असते, किंवा दाब इतका कमी असतो की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबला ओढत नेतो. चकती बोटाने घट्ट केली की पुरे. व्हॉल्व्हच्या मुळाशी पॅच बसत नाही, ती ट्यूब टाकून द्या.

टायरलाच चीर

हे फ्लिंटचं काम, आणि ओल्यात जास्त. पाणी वंगणासारखं काम करतं, त्यामुळे ओलं रबर कोरड्यापेक्षा सहज कापलं जातं. चीर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर नवी ट्यूब तिथून फुगून बाहेर येईल आणि फुटेल. आतून आधार द्यायला हवा. आपल्याकडचे पंक्चरवाले जुन्या टायरचा तुकडा कापून आत बसवतात. तसा एक तुकडा मी नेहमी सोबत ठेवतो, कडा तासून पातळ केलेला. तो नसेल तर पाच पौंडांची नोट दुमडून घाला. २०१६ पासून ही नोट प्लास्टिकची आहे, ओली होत नाही, फाटत नाही, आणि घरी पोचल्यावर खर्चही करता येते.

इथे टायरच्या निवडीबद्दल स्पष्टच बोलतो. डांबरावर हलका पळावा म्हणून पातळ बाजूंचा रेसिंगचा टायर या टेकड्यांवर घालू नका. टायरच्या कापडाच्या विणीचा आकडा, म्हणजे टीपीआय (दर इंचातले धागे), बघा. १२० टीपीआयची वीण बारीक, मऊ आणि हलकी. ६०ची जाड आणि दणकट. फ्लिंटवर बाजूला जास्तीचा थर असलेला ६०चा टायर घ्या. चढावर थोडा जड वाटेल.

पॅच का टिकत नाही

पंक्चर काढणं आपल्या लोकांना लहानपणापासून ठाऊक असतं, तरी थंड हवेत घाई नडते. जागा पॅचपेक्षा मोठी घासा. ट्यूबवर साच्याची उंच रेघ असते, ती पॅचखाली येत असेल तर पूर्ण सपाट करा, नाहीतर हवा तिच्या कडेने बोगदा काढते. सोल्यूशन पातळ लावा आणि थांबा. चकाकी गेली, बोटाला चिकटेनासं झालं की मगच पॅच. उन्हाळ्यात पाच मिनिटं लागत असतील तर हिवाळ्यात दहा. पॅच कडांपर्यंत जोर देऊन दाबा, वर टाल्कम पावडर लावा म्हणजे उरलेलं सोल्यूशन टायरला चिकटणार नाही.

पॅच बसल्यावर ट्यूब बाहेर फुगवून खात्री करायचा मोह होतो. तेवढा टाळा. टायरच्या बाहेर ट्यूब हवी तेवढी ताणली जाते आणि ताजा पॅच कडेने उचलला जातो. जेमतेम आकार येईल एवढीच हवा भरून ती टायरमध्ये घाला. तिथे पॅच आपोआप दाबून बसतो.

सोल्यूशन न लागणारे चिकट पॅच मी फक्त घरी पोचण्यापुरते मानतो. जाड टायरमध्ये ट्यूब बरीच फुगते, ते तेवढा ताण सोसत नाहीत. पाऊस पडत असेल तर दोन्हीही विसरा. ओल्या ट्यूबवर काहीच चिकटत नाही. दोन चांगल्या ट्यूब सोबत ठेवा आणि पॅचचं काम संध्याकाळी घरी करा. सोल्यूशनची उघडलेली ट्यूब काही महिन्यांत वाळते, म्हणून हिवाळ्याआधी तिचं टोपण उघडून एकदा बघा.

ट्यूबलेस करावं का?

या भागात वर्षभर चालवत असाल तर हो, करा. काट्यांवर याहून चांगला उपाय मला माहीत नाही. टायरच्या आतलं सीलंट, म्हणजे द्रव लॅटेक्स, काट्याच्या भोकात जाऊन गोठतं आणि बहुतेक वेळा तुम्हाला काही कळतही नाही. चिमटायला ट्यूबच नसल्यामुळे दाब २२ ते २५पर्यंत उतरवता येतो आणि ओल्या मुळांवर पकड सुधारते.

पण ट्यूबलेस केल्यावर लोक सीलंट विसरतात, आणि मग तेच वारंवार पंक्चर दुसऱ्या दाराने आत येतं. लॅटेक्स वाळतं. उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत, थंडीत थोडं जास्त टिकतं. चाक कानाशी धरून हलवा. खळखळ ऐकू आली नाही तर आत कोरडी साय उरली आहे. २९ इंची टायरला साधारण १०० मिलिलिटर लागतं. ऑगस्टअखेर, छाटणी सुरू व्हायच्या आत, नवं भरा. आणि चाक रोज थोडं थोडं बसत असेल तर आधी रिमवरची टेप तपासा, तिच्या सुरकुतीतून हवा ताराच्या भोकांत जाते.

फ्लिंटची चीर सीलंटच्या आवाक्याबाहेर गेली तर रबराची वात लागते. ती टोच्याने आत ढकलायची, टोक बाहेर ठेवायचं, हवा भरायची. गॅसच्या छोट्या नळकांडीने हवा भरत असाल तर व्हॉल्व्ह चाकाच्या वरच्या बाजूला ठेवा. त्या गॅसचा गारठा थेट सीलंटवर गेला तर काही प्रकारचं लॅटेक्स तिथेच गोठतं. आणि ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब सोबत हवीच. फक्त ती घालण्याआधी टायर आतून पूर्ण तपासा: इतके दिवस सीलंटने सांभाळलेले सगळे काटे तिथेच असतात आणि ते नव्या ट्यूबची वाट लावतात. ट्यूबलेस टायरमध्ये घातलेली ट्यूब शंभर पावलांत बसली, तर कारण हेच.

वाटेत थांबताना

पंक्चर झालं की आधी ब्रायडलवेवरून बाजूला व्हा. उलटी ठेवलेली सायकल आणि फिरत्या मागच्या चाकाची टकटक याने घोडा बुजतो, आणि बुजलेल्या घोड्यावर कधी कधी एखादं शाळकरी पोर असतं. घोडा येताना दिसला की चाक हाताने थांबवा, उभे राहा आणि मोठ्याने हॅलो म्हणा. माणसाचा आवाज ऐकला की घोडा शांत होतो. जाळीचं फाटक उघडलं असेल तर मेंढ्या बाहेर जायच्या आत लावून घ्या. फुटलेली ट्यूब, पॅचचे कागद, वातीचे तुकडे, सगळं खिशात.

छाटणीच्या दिवसांत मार्गही थोडा बदला. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा संस्थेच्या १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर ब्रायडलवे हिरव्या लांब तुटक रेघांनी दाखवलेले असतात, आखूड तुटक रेघा पायवाटांच्या. दोन कुंपणांच्या मधल्या गल्लीऐवजी बीचच्या जंगलातून किंवा उघड्या कुरणाच्या कडेने जाणारी वाट निवडली तर काटे बरेच टळतात. समोर ताजा हिरवा चुरा पसरलेला दिसला तर उतरा आणि सायकल उचलून न्या, ढकलू नका. ढकलली तरी चाक काट्यांवरूनच जातं. पलीकडे गेल्यावर दोन्ही टायरवरून जाड हातमोजा फिरवून अडकलेले काटे झटका. काटा शिरल्यापासून आतपर्यंत पोचायला चाकाचे काही फेरे लागतात, तेवढ्यात तो निघून जातो.

हे सगळं करूनही त्याच चाकाला त्रास होत असेल तर टायर पूर्ण काढा, दिव्यासमोर धरा आणि आतून बघा. प्रकाशाचा ठिपका दिसला, किंवा बाहेरून चिरांमध्ये कापडाचे धागे उघडे पडलेले दिसले, तर तो टायर संपला आहे. मागचा आधी संपतो. नवा घेताना तो पुढे लावा आणि पुढचा जुना मागे न्या, म्हणजे वळणावर पकड देणारं चाक ताजं राहतं.